भस्मासुर आणि परळ

लालबागला आमच्या चाळीत तळमजल्यावर आप्पा राहायचे. उभी हयात मिलच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर गेली, जोडीला विडी. पन्नाशीत स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. टाटाला ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढून टाकावं लागलं आणि गळ्याच्या खळगीत श्वासासाठी एक भोक उरलं. त्यावर ते मलमलीचा लहानसा रुमाल बांधून ठेवत. काही महिन्यांनी त्यांना एक यंत्र मिळालं, लहान टॉर्चएवढं. ते जबड्याखाली टेकवायचं, बटण दाबायचं आणि ओठ, जीभ नेहमीसारखी हलवायची. यंत्राची थरथर गळ्यातून तोंडात जायची आणि तिथे तिचे शब्द व्हायचे. त्या शब्दांना चढउतार नसे. रागावले तरी तोच सूर, लाडाने हाक मारली तरी तोच.

1993 साली ‘झपाटलेला’ आला. पुढच्या गणपतीत आमच्या गल्लीत आडवा पांढरा पडदा लावून तो दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाची किटली घेऊन जिन्याकडे निघालो होतो. ओट्यावर बसलेल्या आप्पांनी गळ्याला यंत्र लावलं आणि म्हणाले, “हळू जा रे, सांडेल.” मी किटली तिथेच टाकली आणि पळालो. संध्याकाळपर्यंत चाळीतल्या सगळ्या पोरांचं एकमत झालं होतं की आप्पांच्या अंगात तात्या विंचू शिरलाय. कित्येक महिने आमच्यातल्या एकानेही त्यांची विडी-काडी, पेपर असलं काही आणून दिलं नाही. विडी त्यांनी सोडलीच होती, पण पेपर लागायचा. पुढे पुढे आम्ही दिसलो की त्यांनी यंत्र खिशातच ठेवायला सुरुवात केली. ती गोष्ट मला आजही टोचते.

आम्ही नेमके कशाला भ्यालो, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. आप्पांना आम्ही जन्मापासून ओळखत होतो. आम्हांला भीती वाटली ती शरीर आणि यंत्र यांच्या जोडणीची, आणि अशा जोडणीची एकच गोष्ट आम्हांला ठाऊक होती. त्या गोष्टीत जोडणारा दुष्ट असतो आणि जोडला गेलेला माणूस, माणूस राहत नाही.

याच जोडणीकडे आशेने पाहणारा एक विचारही आहे. शरीराच्या आणि बुद्धीच्या ज्या मर्यादा निसर्गाने घातल्या, त्या विज्ञानाच्या मदतीने ओलांडाव्यात, रोग, म्हातारपण, जमलं तर मरणसुद्धा मागे हटवावं, असं मानणाऱ्या विचाराला इंग्रजीत ट्रान्सह्युमॅनिझम म्हणतात. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही. मी परामानवतावाद म्हणतो. या नावाला बळ मिळालं ते जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली यांच्या 1957 सालच्या निबंधामुळे. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ अल्डस हक्सली. त्याने 1932 सालीच ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ ही कादंबरी लिहिली होती. तिच्यात मुलं बाटल्यांतून वाढवली जातात, त्यांची प्रतवारी जन्माआधीच ठरते आणि सगळे सुखात असतात पण मोकळं कुणीच नसतं. गर्भ शरीराबाहेर वाढवण्याची कल्पना त्याआधी 1923 साली केंब्रिजच्या एका व्याख्यानात मांडली होती जे. बी. एस. हाल्डेन यांनी, आणि ती आशेने मांडली होती. हे हाल्डेन पुढे 1957 साली भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि 1964 साली भुवनेश्वरला वारले. त्या व्याख्यानात त्यांनी एक मार्मिक निरीक्षण नोंदवलं होतं: भौतिकशास्त्रातला नवा शोध लोकांना देवाचा अपमान वाटतो, पण जीवशास्त्रातला नवा शोध किळसवाणा, विकृत वाटतो. भावाभावांच्या या मतभेदात जगाने कुणाचं ऐकलं ते उघड आहे. ज्युलियनचा निबंध अभ्यासकांना माहीत आहे, अल्डसची कादंबरी सगळ्यांना.

आपल्याकडे मात्र या भीतीच्या गोष्टीचा साचा अल्डस हक्सलीकडून आलेला नाही, मेरी शेलीच्या 1818 सालच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधूनही आलेला नाही. तो आपल्या घरचा आहे. शाळेत असताना ‘विज्ञान: शाप की वरदान’ हा निबंध लिहिला नाही असा मराठी माणूस शोधून सापडायचा नाही. मी तो पाचवीपासून दहावीपर्यंत पाच-सहा वेळा लिहिला असेन. शेवटी ‘वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’ असं लिहिलं की मार्क मिळत. त्या विषयातच सगळी गोम आहे. शाप आणि वरदान या दोन्ही गोष्टी वरून येतात. कुणीतरी समर्थ पुरुष प्रसन्न होतो किंवा रागावतो आणि तथास्तु म्हणतो. त्यात कुणी अठरा तास उभं राहून काम करत नाही, कुणाचं चुकत नाही, कुणी पुन्हा करून बघत नाही.

वराच्या गोष्टीची घडण किती पक्की आहे बघा. हिरण्यकशिपू तप करतो आणि मरण येऊ नये म्हणून अटींची यादी मागून घेतो: दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको. देव ती देतो. मग तो उन्मत्त होतो. मग अटींत राहिलेली फट सापडते, उंबरठ्यावर, संध्याकाळी. भस्मासुराचंही तसंच, फक्त फट म्हणजे त्याचा स्वतःचाच हात. वर, उन्माद, फट, नाश. अणुबॉम्बपासून मोबाइलपर्यंत काहीही आलं की आपल्या वर्तमानपत्रांत ‘तंत्रज्ञानाचा भस्मासुर’ हा मथळा हटकून येतो, तो याच घडणीमुळे.

आता ‘झपाटलेला’ या नजरेने पाहा. गुंड तात्या विंचू एका बाबाकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो. पोलिसाच्या गोळीने मरताना तो त्या मंत्राने आपला जीव बोलक्या बाहुल्यात घालतो आणि मग माणसाच्या शरीरात परतायला धडपडतो. तो मरतो कसा, तर दोन भुवयांच्या मधोमध गोळी लागली तरच. म्हणजे उंबरठा आणि संध्याकाळ इथेही आहेत. रामदास पाध्ये यांनी तो बाहुला इतका जिवंत केला आणि दिलीप प्रभावळकरांनी त्याला असा आवाज दिला की एक अख्खी मराठी पिढी त्याला घाबरत मोठी झाली. पण यातली मूळ कल्पना, म्हणजे मन एका शरीरातून काढून दुसऱ्या आधारावर ठेवणं, ही जगातल्या परामानवतावाद्यांची सगळ्यांत धाडसी कल्पना आहे. आपल्या परंपरेत तिला शब्दही आहे, परकायाप्रवेश. ती योग्याची सिद्धी मानली जाते आणि आद्य शंकराचार्यांनी राजा अमरूच्या देहात प्रवेश केल्याची कथा आदराने सांगितली जाते. पडद्यावर येईतो ती सिद्धी गुंडाच्या हातात गेली होती.

2010 सालच्या ‘एंदिरन’मध्ये, म्हणजे हिंदीतल्या ‘रोबोट’मध्ये, चिट्टी हा यंत्रमानव स्वतःच्या प्रती काढत जातो तेव्हा प्रेक्षकाला रक्तबीज आठवतो, दिग्दर्शकाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. हृतिक रोशनच्या मालिकेत तर फरक आणखी स्पष्ट दिसतो. ‘कोई... मिल गया’मध्ये (2003) बौद्धिक वाढ खुंटलेल्या रोहितला परग्रहावरचा जादू शक्ती देतो. रोहितने ती मागितलेली नसते, तो निरागस असतो, म्हणून ती शक्ती पवित्र ठरते. ‘क्रिश 3’मध्ये (2013) काल नावाचा माणूस मानेखाली जवळपास लुळा आहे, चाकाच्या खुर्चीत आहे, आणि आपल्या शरीरावर उपाय शोधण्यासाठी प्रयोगशाळेत माणूस आणि प्राणी यांच्या मिश्रणाचे जीव घडवतो. तो खलनायक आहे. शक्ती दान मिळाली तर चालते, स्वतः शोधली तर तो गुन्हा होतो. अपंग माणसाने बरं होण्याची धडपड करणं हे दुष्टपणाचं लक्षण म्हणून दाखवलं जातं, आणि हजारो लोकांच्या त्या चित्रगृहात चाकाच्या खुर्चीवर बसलेला एखादा प्रेक्षकही असतोच. मला हा सगळ्या साच्यांतला सर्वांत क्रूर साचा वाटतो.

मराठी वाचकाच्या मनात मात्र याहून खोल रुतलेलं एक चित्र आहे, ययातीचं. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारा झालेला राजा आपल्या मुलांकडे तारुण्य मागतो आणि धाकटा पुरू ते देतो. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ 1959 साली आली, तिला साहित्य अकादमी मिळालं आणि 1974 सालचं ज्ञानपीठ, मराठीतलं पहिलं, खांडेकरांना मिळालं. खांडेकरांनी ययातीकडे आजच्या अतृप्त, भोगामागे धावणाऱ्या माणसाचं प्रतीक म्हणून पाहिलं. ती कादंबरी मी तीनदा वाचली आहे. शर्मिष्ठेची निवेदनं मला अजून हलवतात. पण तिच्या प्रभावाने एक गोष्ट आपल्या डोक्यात पक्की बसली की म्हातारपण हटवू पाहणारा माणूस कामातुरच असणार आणि त्याला मिळालेलं प्रत्येक वर्ष कुणा तरुणाच्या आयुष्यातून चोरलेलं असणार. परदेशी कथांतही हेच आहे. अब्जाधीश म्हातारे अमर होतात आणि खाली गरीब पोरं मरतात. म्हातारपणावर संशोधन करणाऱ्या कुणाशीही बोलताना समोरच्याच्या मनात हा ययाती आधीच येऊन बसलेला असतो.

त्याच पुराणांत च्यवन ऋषी आहेत. ते जराजर्जर होते, अश्विनीकुमारांनी त्यांना तरुण केलं आणि कुणाचंही तारुण्य त्यासाठी चोरलं नाही. त्यांचं नाव आपण डब्यातून चमच्याने खातो, पण त्यांच्यावर ज्ञानपीठाच्या तोलाची कादंबरी नाही. चिरंजीवांचंही तेच. वाढदिवसाला औक्षण करताना ज्या सात चिरंजीवांची नावं घेतात, त्यांत हनुमान आहे, व्यास आहेत, परशुराम आहे, बळी आहे, बिभीषण आहे, कृपाचार्य आहेत. पण अमरत्वाची गोष्ट निघाली की आपल्याला आठवतो तो सातवा, अश्वत्थामा, कपाळावरची जखम घेऊन नर्मदेकाठी तेल मागत फिरणारा. सातांतला एकच शापित आहे, आणि कथाकारांनी तोच उचलला. रिकामं, लांबलचक, कंटाळवाणं, सडणारं आयुष्य, असंच अमरत्वाचं चित्र ‘गलिव्हर’मध्येही (1726) आहे. तिथली न मरणारी माणसं म्हातारी होत जातात, आठवण गमावत जातात. लेखकाच्या दृष्टीने पाहिलं तर कारण कळतं. सुखाने जगत राहिलेल्या हनुमानाच्या मुक्कामात नाट्य कमी आहे.

विज्ञान जाणणाऱ्या लेखकालाही हा साचा सुटत नाही. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’मध्ये एका जुन्या प्रगत संस्कृतीचं ज्ञान हाती लागतं, त्यातून यंत्रमानव घडतो आणि स्वतःसारखे आणखी घडवण्याच्या त्याच्या इच्छेतच विनाशाचं बीज असतं. त्याचं नाव वामन. म्हणजे तीन पावलांत पृथ्वी घेणारा बटू. नारळीकरांनी उभ्या आयुष्यात अंधश्रद्धेविरुद्ध लिहिलं, पण भविष्यातल्या यंत्राची भीती सांगायला त्यांनाही पुराणाचाच दरवाजा उघडावा लागला. वाचकाच्या घरात शिरायला तोच जवळचा होता.

या साच्याची किंमत कुणी दिली? त्यासाठी परळला यावं लागतं.

1896 साली मुंबईत प्लेग आला तेव्हा सिनेमा नुकताच जन्मला होता. तरीही वेडा, क्रूर डॉक्टर गिरणगावात सगळ्यांना ठाऊक होता. सरकारी इस्पितळात माणसाला उलटं टांगतात, खाली जाळ करतात आणि त्याच्या डोक्यातून मोमियाई नावाचं औषध गाळून घेतात, अशी अफवा शहरभर होती. 29 ऑक्टोबर 1896 रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर, म्हणजे आजच्या कस्तुरबावर, हल्ला केला. त्यांना मूर्ख म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण सरकारी माणसं घरात घुसत होती, आजाऱ्याला उचलून नेत होती, आणि नेलेला माणूस बहुधा परत येत नसे. जुलमाला समजून घ्यायला लोकांपाशी जी गोष्ट होती, तीच त्यांनी वापरली.

त्याच हिवाळ्यात वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या एका खोलीत प्लेगची लस तयार करत होते. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, सुजलं, उतरलं. मग भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. 1899 साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. आज आपण तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो. निसर्गाने दिलेल्या शरीरात जी ताकद नव्हती, ती लस बाहेरून घडवते. शब्दशः घेतलं तर लस टोचलेला प्रत्येक माणूस थोडा परामानव आहे. फक्त आपण त्याला तसं म्हणत नाही, कारण तो आपल्यासारखाच दिसतो.

हाफकिनपासून चालत थोड्या अंतरावर केईएम. 1926 सालचं हे इस्पितळ. 3 डिसेंबर 1967 रोजी केपटाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1968मध्ये, केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते भारतात केलं. रुग्ण काही तासांतच गेला. त्याच वर्षी दुसरा प्रयत्न झाला, तोही रुग्ण जगला नाही. तेव्हा शरीराने परकं हृदय नाकारू नये म्हणून लागणारी औषधं कच्ची होती आणि मेंदू मेला म्हणजे माणूस मेला असं सांगणारा कायदा देशात नव्हता. तो आला 1994 साली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीला डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून पहिलं यश आलं. मधे सव्वीस वर्षं गेली. सिनेमात ही सव्वीस वर्षं नसतात; वीज कडाडते आणि प्रेत उठून बसतं. जमलेलं नाही तरी जमवायचंच आहे म्हणून ऑपरेशन थिएटरच्या बाहेर येऊन नातेवाइकांना तोंड देणाऱ्या सर्जनचं पात्र आपल्या पडद्याने फारसं रंगवलंच नाही.

याच केईएममध्ये 6 ऑगस्ट 1986 रोजी एक मुलगी जन्मली. तिचा गर्भ शरीराबाहेर फळला होता. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शनचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं ते काम. वर्तमानपत्रांनी तिला टेस्ट-ट्यूब बेबी म्हटलं. त्यात टेस्ट-ट्यूब कुठेच नव्हती. स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र येतात ते काचेच्या उथळ बशीत, आणि दोन-तीन दिवसांत गर्भ आईच्या कुशीत परत जातो. पण नळीत वाढणारं मूल हे अल्डस हक्सलीच्या बाटल्यांचं चित्र होतं, तेच चिकटलं. त्या नावापायी कित्येक जोडप्यांनी आपलं मूल कसं झालं हे सासरी-माहेरी लपवून ठेवलं. माझ्या नात्यातलं एक जोडपं उपचाराला जाताना घरी दर वेळी ‘सिद्धिविनायकाला जातो’ असं सांगून निघायचं. ती 1986ची मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली, तिचं लग्न झालं, ती स्वतः आई झाली. या बातमीत थरार नव्हता, म्हणून ती आतल्या पानावर आली.

या कथेला कलकत्त्याची एक काळी किनार आहे. तिथे डॉ. सुभाष मुखर्जी यांनी 3 ऑक्टोबर 1978 रोजीच, इंग्लंडमधल्या पहिल्या अशा बाळानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, हे घडवलं होतं. सरकारी समितीने त्यांची टर उडवली, त्यांना जपानला परिषदेला जाऊ दिलं नाही, बदली केली ती डोळ्यांच्या विभागात. 19 जून 1981 रोजी त्यांनी आत्महत्या केली. तपन सिन्हा यांचा ‘एक डॉक्टर की मौत’ (1990) याच आयुष्यावरून सुचलेला. त्यात राक्षस प्रयोगशाळेत बसलेला नाही, फायलींच्या मागे बसलेला आहे. म्हणून तो सिनेमा मला इतका मोलाचा वाटतो. आणि पुढचं तर कुणी लिहिलं असतं तर खोटं वाटलं असतं: 1997 साली आनंद कुमार कलकत्त्याला गेले, मुखर्जींच्या हस्तलिखित नोंदी वाचल्या आणि जाहीरपणे म्हणाले की पहिला मान माझा नाही, त्यांचा आहे. ज्या यशाने त्यांचं नाव झालं होतं, ते त्यांनी स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या नावे केलं. अहंकाराने फुगलेला शास्त्रज्ञ दाखवणाऱ्या शंभर सिनेमांच्या समोर मी हा एक माणूस ठेवतो.

भीती सगळी खोटी आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. ज्युलियन हक्सली स्वतः ब्रिटिश युजेनिक्स सोसायटीचे अध्यक्ष होते. सुधारलेला माणूस म्हणजे कोण, हे ठरवण्याचा हक्क आपल्याला आहे असं त्या संस्थेला वाटे. आणि गिरणगावाने यंत्राचा अर्थ पुस्तकातून शिकलेला नाही. 1928 साली मालकांनी विणकराला दोनाऐवजी तीन साचे सांभाळायला लावण्याचा घाट घातला, तेव्हा सहा महिने मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या. यंत्र माणसाला जोडायचं म्हटलं की ‘कुणाच्या फायद्यासाठी?’ हा प्रश्न इथे आपसूक येतो, आणि तो विचारलाच पाहिजे.

माझं म्हणणं वेगळं आहे. साचा आपली नजर चुकीच्या जागी वळवतो. केईएममध्ये ती मुलगी जन्मली त्याच सुमाराला, याच शहरात, गर्भजल तपासून मुलगी असेल तर गर्भ पाडण्याचा धंदा जोरात होता. आज थोडा खर्च करा, पुढचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती लोकलच्या डब्यांत लागत. त्या दवाखान्यांत वेडे शास्त्रज्ञ नव्हते. स्वच्छ पाटी होती, फीची पावती मिळत होती, सासू सोबत येत होती, चहा मिळत होता. मुंबईतल्या कार्यकर्त्या बायकांनी आणि काही डॉक्टरांनी झगडून 1988 साली महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा करून घेतला. नारळीकरांची ‘पुत्रवती भव’ ही कथा या जागेवर बोट ठेवते, आणि शीर्षकात पुन्हा आशीर्वादच आहे. माणसाची घडण बदलण्याचं सामर्थ्य वाईटासाठी वापरलं गेलं ते असं, घरच्यांच्या संमतीने, दुपारच्या वेळी. आपण मात्र पडद्यावर लाल डोळ्यांचा यंत्रमानव शोधत बसलो होतो.

आनंद गांधी यांचा ‘शिप ऑफ थिसियस’ हा सिनेमा म्हणूनच मला वेगळा वाटतो. मुंबईतली तीन माणसं: एका छायाचित्रकार तरुणीला नेत्रपटल मिळतं, एका साधूला यकृत, एका शेअर दलालाला मूत्रपिंड. तिसऱ्या गोष्टीत एका गरीब मजुराचं मूत्रपिंड चोरीला गेलेलं आहे. अन्याय दाखवलाय, पण त्यासाठी शल्यविद्येला चेटूक ठरवलेलं नाही. दृष्टी मिळाल्यावर त्या तरुणीला पूर्वीसारखे फोटो काढता येईनात, हा तिचा खरा, अवघड प्रश्न. अवयव बदलला की माणूस राक्षस होत नाही, त्याच्या अडचणी बदलतात.

1924 साली ऑस्ट्रियात एक मूकपट आला होता, ‘द हँड्स ऑफ ऑर्लाक’. अपघातात हात गमावलेल्या पियानोवादकाला एका फाशी गेलेल्या खुन्याचे हात लावतात, आणि ते हात आता आपल्याकडून खून करवतील या धास्तीने तो वेडा व्हायला येतो. दुसऱ्याचे हात लावले की त्याचं पापही येतं, ही कल्पना तेव्हापासून अनेकदा पडद्यावर आली. ऑगस्ट 2020मध्ये परळच्या एका इस्पितळात एका तरुणीला दोन हात बसवले गेले. ती त्याच्या सहा वर्षं आधी घाटकोपर स्टेशनवर लोकलखाली दोन्ही हात गमावून बसली होती. हात चेन्नईहून आले, एका मेंदूमृत माणसाचे, त्याच्या घरच्यांनी दिलेले. टाळेबंदीतल्या मुंबईत रात्रभर डॉक्टर हाडं, शिरा, धमन्या, नसा, स्नायू एकेक करून जोडत होते. हातांतली जाणीव मात्र त्या रात्री येत नाही. कापलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. दंडापासून बोटांच्या टोकापर्यंत पोचायला तिला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि तोवर रोज व्यायाम, रोज औषधं. ही एक मिलिमीटरची चाल मला सगळ्या कथांहून मोठी वाटते. वर असा मिळत नाही.

आणि हे सगळं जिथे घडतं तिथून हाकेच्या अंतरावर दरवर्षी लाखो लोक रात्रभर रांग लावतात ती कुणासाठी? ज्याच्या मानवी धडावर हत्तीचं मस्तक आहे त्याच्यासाठी. पुराणात शल्यविद्या होती असं मला मुळीच म्हणायचं नाही. कथेत विज्ञानाचा इतिहास शोधू नये. कथेत मन मात्र सापडतं. ज्या मनाने दोन जातींच्या शरीरांच्या जोडणीला राक्षस न म्हणता लेकरू म्हटलं, मांडीवर घेतलं, ते मन आपल्यापाशी आहे. लालबागच्या कारखान्यात मूर्तिकार सोंड मस्तकाला आणि मस्तक खांद्यांना जिथे मिळतं तिथला सांधा ओल्या बोटाने गुळगुळीत करत असतो, इतका, की तिथे काही जोडलंय हे कळूच नये.

आप्पांकडे परत जायला मला दोन वर्षं लागली. त्यांच्या ओट्यावर रोज संध्याकाळी साचेखात्यातले दोन जुने सोबती येऊन बसत. एकदा मी जिन्यात थांबून पाहत राहिलो. आप्पांचं यंत्र बाजूला पडलं होतं, तरी तिघांच्या गप्पा रंगल्या होत्या. आप्पा नुसते ओठ हलवत होते आणि ते दोघे हसत होते, उत्तर देत होते, तेही कित्येकदा आवाजाशिवाय. मी आईला विचारलं. ती म्हणाली, साचेखात्यात शेकडो साचे एकदम चालतात, कानाला काही ऐकू येत नाही. विणकर सगळे ओठांवरून बोलतात, तीस वर्षं असेच बोललेत. ऑपरेशननंतर यंत्र मिळेपर्यंतचे महिने आप्पांचं बोलणं त्यांच्या घरच्यांना कळत नव्हतं, ते हे दोघे घरच्यांना समजावून सांगत.

मी खाली गेलो. आप्पांनी खिशाकडे हात नेला, मग माझ्याकडे पाहून थांबले. मी म्हटलं, “आप्पा, पेपर आणू का?” त्यांनी यंत्र उचललं, गळ्याला लावलं आणि त्या एका सुरात म्हणाले, “आजचा आण. काल तू आणला नाहीस.”